मुलाच्या हाती घराची चावी देताना

माझा लेक पाचवीत गेला त्या वर्षी ऐन जूनमध्ये आमच्या पाळणाघराच्या काकूंनी पाळणाघर बंद केलं. सुनेचं बाळंतपण होतं, त्या गावी निघून गेल्या. मी फोर्टात नोकरीला, नवऱ्याची फिरती शिफ्ट, सासूबाई गावी. लेकाची शाळा सकाळची, साडेबाराला सुटायची. मी भांडुपला उतरून घरी पोचेपर्यंत साडेसहा, कधी सात. मधल्या सहा तासांचं काय करायचं? ज्याला विचारावं तो एकतर म्हणायचा, "मोठा झालाय आता, राहील की," नाहीतर, "एवढ्याशा पोराला एकटं ठेवतेस?" नेमकं काय शिकवायचं आणि कुठून सुरुवात करायची, हे कुणीच सांगत नव्हतं. आम्ही ठेचा खात शिकलो. लेक आता दहावीत आहे, धाकटी सहावीत, आणि गेल्या दिवाळीपासून तिच्याकडेही चावी आहे. तुमच्या घरात हा प्रश्न आत्ता उभा असेल तर आमच्या ठेचा तुम्हाला उपयोगी पडाव्यात.

पुढचं सगळं ज्या गोष्टीवर उभं आहे ती आधी सांगते. नेहमीचा दिवस मूल पंधरवड्यात शिकतं. मुंबईत खरी कसोटी लागते ती गाड्या बंद पडतात त्या दिवशी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, कितीतरी आईबापांनी ती रात्र ऑफिसात काढली, कितीतरी जण रुळांवरून चालत निघाले. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा तीच गत. तुम्ही पोचू शकणार नाही तो दिवस डोळ्यांसमोर ठेवून तयारी करा.

मूल तयार आहे का?

अमुक वयाखालच्या मुलाला घरी एकटं ठेवू नये, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. मात्र बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाची जाणूनबुजून हेळसांड करून त्याला त्रास होऊ देणं हा गुन्हा आहे. त्यामुळे वय ठरवायची जबाबदारी आपल्यावरच येते. माझं मत विचाराल तर दहा वर्षं पुरी व्हायच्या आत नको, आणि दहानंतरही सगळ्याच मुलांना जमेल असं नाही.

मी चार गोष्टी बघितल्या. दाराचं कुलूप त्याला स्वतःच्या हाताने, घाई न करता उघडता येतं का. दोन फोन नंबर आणि घरचा पूर्ण पत्ता तोंडपाठ आहे का. एकटं राहायची त्याची स्वतःची तयारी आहे, की आपण म्हणतोय म्हणून मान हलवतोय. चौथी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: चूक झाली तर तो येऊन सांगतो का? कप फुटल्यावर काचा पलंगाखाली सरकवणारं मूल घरी एकटं ठेवायला अजून तयार नाही. त्यात मुलाचा दोष नसतो. फुटल्या कपावरून आपण किती ओरडतो ते आधी बघावं लागतं. आम्ही त्यासाठी दोन महिने वाट पाहिली. घरात काही सांडलं, फुटलं तर आवाज चढवायचा नाही असं आम्ही नवराबायकोने ठरवलं, आणि मग तो सांगायला लागला.

दोन भावंडं असतील तर धाकट्याची जबाबदारी मोठ्यावर टाकू नका. दहा वर्षांचं मूल स्वतःला सांभाळू शकतं, सहा वर्षांच्या बहिणीला नाही. धाकटीसाठी पाळणाघर किंवा शेजार हवाच. आमच्याकडे ती समोरच्या काकूंकडे जायची आणि मी आल्यावरच घरी यायची.

किती तास, आणि कुठले?

मुंबईच्या बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात, त्यामुळे सगळ्यांचं वेळापत्रक सारखं नसतं. सकाळच्या सत्राचं मूल दुपारी एकला घरी येतं, म्हणजे लांबच लांब दुपार. दुपारच्या सत्राचं मूल संध्याकाळी सहानंतर येतं, आपल्यात आणि त्याच्यात जेमतेम तासाभराचं अंतर. पण त्याची सकाळ एकटी जाते, आणि घर बंद करून बाहेर पडायचं काम त्याच्यावर येतं. हे येण्यापेक्षा अवघड आहे. आल्यावर विसरलेली गोष्ट सुधारता येते, जाताना चालू राहिलेला नळ नाही.

सलग पाच-सहा तास सुरुवातीला फार होतात. मध्ये एखादा क्लास, खेळ, शेजारी जेवण, असं काहीतरी घालून ते तोडा. आमचा लेक पहिलं वर्षभर शाळेतून थेट समोरच्या काकूंकडे जेवायला जायचा, तीनपर्यंत तिथे, मग घरी, आणि पाचला खाली खेळायला. प्रत्यक्ष एकटा असायचा तो दोन तास. ते त्याला पेलले.

पाच मिनिटांवरचं माणूस

हे जमलं नाही तर पुढचं वाचू नका, मूल एकटं ठेवूच नका. हाक मारली तर पाच मिनिटांत दारात येऊ शकेल असं एक मोठं माणूस हवं, आणि ते त्या वेळी खरोखर घरी असायला हवं. गृहीत धरू नका, जाऊन विचारा. "काकू, दुपारी एक ते सहा तुम्ही असता का? मी नसताना त्याने दार वाजवलं तर चालेल का? एखादी चावी तुमच्याकडे ठेवू का?" असं स्पष्ट. चाळीत हे आपसूक होतं, दारं उघडी असतात. नव्या टॉवरमध्ये शेजारच्याचं आडनावही माहीत नसतं, तिथे मुद्दाम ओळख करावी लागते. त्या बाई बाहेरगावी जाणार असतील तर तुम्हाला आधी कळायला हवं, म्हणून दुसरं माणूसही ठरवून ठेवा, शक्यतो दुसऱ्या मजल्यावरचं.

वॉचमन मदतीला असतो, पण तो हे माणूस नव्हे. त्याची ड्यूटी बदलते आणि त्याला गेट सोडता येत नाही.

मोबदल्याचं म्हणाल तर काकूंनी पैसे घेतले नाहीत. त्यांचं वीजबिल, रेशन, बँकेची कामं आम्ही आनंदाने करायचो, आणि सणाला आधी त्यांचं ताट जायचं.

चावी, लॅच आणि कडी

आमच्या चुका सगळ्यांत जास्त इथे झाल्या, म्हणून सविस्तर सांगते.

चावी गळ्यात लटकवू नका. घरी कुणी नाही ही गोष्ट ती रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगते. चावीला घरनंबर किंवा नाव लिहिलेलं लेबल लावू नका. दप्तराच्या आतल्या चेनच्या कप्प्यात एक जाड नाडी शिवून घ्या, हातभर लांब, आणि चावी तिला बांधा. दार उघडताना दप्तर पुढे घ्यायचं, नाडीसकट चावी लावायची. चावी दारात राहून जाणं तिथेच थांबतं, कारण दप्तर दाराला अडकून बसतं. पायपुसण्याखाली, चपलांच्या कपाटात, कुंडीत चावी ठेवायची नाही. ती जागा आपल्याला जितकी ठाऊक असते तितकीच इतरांनाही असते. एक चावी मुलाकडे, एक काकूंकडे, बाकी आपल्या दोघांकडे.

आता लॅच. पहिल्याच महिन्यात लेक कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवायला गेला आणि वाऱ्याने दार मागे आपटलं. अंगात घरची चड्डी, पाय अनवाणी, चावी आत. काकू नेमक्या दवाखान्यात. पोरगा जिन्यात सव्वा तास बसून राहिला, कारण त्या अवतारात खाली वॉचमनकडे जायची त्याला लाज वाटली. त्या दिवसापासून नियम केला: उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकायचं असेल तरी आधी चावी हातात. लॅच मागे अडकवून ठेवायचं छोटं बटण बहुतेक लॅचना असतं. ते मुलाला दाखवा आणि दहा वेळा करून घ्या. कचरा, दूध, पेपर ही कामं त्याच्या एकट्या वेळात नकोतच.

तिसरी गोष्ट कडी. मी त्याला बजावलं होतं, "आत गेलास की कडी लाव." पोरगं आज्ञाधारक. एका शुक्रवारी मी पावणेसातला आले, चावी फिरवली, लॅच उघडला, दार ढिम्म. आतून वरची कडी. बेल वाजवली, हाका मारल्या, फोन केला; फोन आत वाजताना मला ऐकू येत होता. शेजारपाजारचे जमले. कुणी म्हणालं सुतार बोलवा, कुणी म्हणालं फायर ब्रिगेड. माझ्या हातापायातलं बळ गेलं होतं. पंचवीस मिनिटांनी डोळे चोळत त्याने दार उघडलं. शाळेत खेळाचा तास होता, दमून झोपला होता. दमलेली मुलं झोपतात तेव्हा ढोल वाजला काय आणि बेल वाजली काय. तेव्हापासून दिवसा आतून फक्त लॅच, कडी नाही. बाहेरून चावीशिवाय लॅच उघडत नाही, आणि जिच्याकडे चावी आहे ती काकू किंवा मी आत येऊ शकतो. हाच नियम न्हाणीघराला: एकटं असताना दार नुसतं लोटायचं, आतून कडी लावायची नाही. घरात कुणी नाही तर लाज कुणाची?

दारात कुणी आलं तर

बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर उत्तम, पण ते बंद आहे म्हणून आतलं लाकडी दार उघडायचं नाही. आधी भिंगातून बघायचं. भिंगापर्यंत उंची पोचत नसेल तर दाराजवळ पक्का स्टूल ठेवा. नुसतं "अनोळखी माणसाला दार उघडू नको" म्हणून भागत नाही. मुलाला अनोळखी म्हणजे काळा गॉगल लावलेला माणूस वाटतो. केबलवाला, मीटर बघायला येणारा, पाण्याच्या बाटल्या देणारा, वरच्या मजल्यावरचे काका, यांना तो रोज बघतो. म्हणून यादी उलटी करा: कुणाला उघडायचं तेवढंच सांगा. आमच्याकडे तीन माणसं होती. त्यात नसलेलं कुणीही, मामा असला तरी, आधी आईला फोन.

"आई घरी नाही" हे वाक्य वापरायचं नाही. दार न उघडता मोठ्याने म्हणायचं, "आई कामात आहे, संध्याकाळी या." पार्सल असेल तर, "खाली वॉचमनकडे ठेवा." आपणही पथ्य पाळायचं. मुलाच्या एकट्या वेळात ऑनलाइन काही मागवायचं नाही, सिलिंडरचा नंबर त्या दिवशी लावायचा नाही, दुरुस्तीवाल्याला बोलवायचं नाही. मूल नियम मोडतं तेव्हा पुष्कळदा आपणच त्याला मोडायला लावलेला असतो.

एक परवलीचा शब्द ठरवा. "तुझ्या आईने मला पाठवलंय, चल," असं कुणी म्हणालं तर मुलाने तो शब्द विचारायचा. शब्द घरातला, वेडावाकडा हवा. आमचा मी सांगणार नाही, पण तो एका भाजीचा चुकीचा उच्चार आहे, धाकटी दोन वर्षांची असताना करायची तो.

ओळखीची माणसं

हे लिहिताना जड जातं, पण टाळू नका. मुलांच्या लैंगिक छळाच्या बहुतेक प्रकरणांत तो करणारा माणूस मुलाच्या ओळखीतलाच असतो. यासाठी २०१२ पासून पोक्सो कायदा आहे, पण कायदा पुढचं बघतो. आधीचं आपल्याला बघायचं असतं. ज्या घरी मूल जातं तिथे कोण कोण असतं, दुपारी कोण येतं-जातं, हे बघून घ्या. मुलाला साध्या शब्दांत सांगा: चड्डी-बनियनखालच्या जागी कुणी हात लावायचा नाही, कुणी तसले फोटो, व्हिडिओ दाखवायचे नाहीत, आणि "आईला सांगू नको" असं जो म्हणेल त्याची गोष्ट त्याच दिवशी आईला सांगायची. मूल म्हणालं, "मला त्यांच्याकडे नाही जायचं," तर कारण सांगता येईपर्यंत वाट बघू नका. आधी जाणं थांबवा, मग हळूहळू विचारा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, फुकट आहे, आणि मूल स्वतःही फोन करू शकतं.

गॅस, वीज, नळ, खिडकी

गॅस सोपा ठेवा: घरातून निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक बंद. देवापाशी दिवा, उदबत्ती, काडेपेटी, काही नाही. दिवा आई आल्यावर. वास आला तर काय करायचं ते मात्र हाताने करून घ्या: दिवा-पंख्याचं बटण हलवायचं नाही, चालू असेल ते चालू, बंद असेल ते बंद. खिडक्या उघडायच्या, चावी घ्यायची, बाहेर पडायचं आणि काकूंच्या घरातून फोन करायचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, वर जातो. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. पाइपच्या गॅसचा नंबर बिलावर असतो, तो कापून दाराच्या मागे चिकटवा.

गीझर, इस्त्री, मिक्सर मुलाच्या एकट्या वेळात बंद. जास्त बोलायचं कारण नाही.

नळाबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण मुंबईत पाण्याला वेळ असते. दुपारी नळ कोरडा. मूल तो उघडून बघतं, पाणी नाही म्हणून तसाच सोडून जातं. सहाला पाणी येतं आणि सात वाजता खालच्या घराच्या छतातून ठिबकतं. "नळ उघडलास की पाणी येवो न येवो, बंद करायचा," हे वाक्य मी आमच्या मोरीच्या दारावर खडूने लिहिलं होतं.

खिडकीला बाहेर काढलेला पेटीसारखा ग्रिल असेल तर तो मुलांना खेळायची जागा वाटते. गंजलेल्या ग्रिलवर भार पडला तर काय होईल ते सांगायला नको. ग्रिलमध्ये चढायचं नाही, कपडे पडले तर काठीने काढायचे नाहीत, पडू द्यायचे. पलंग, टेबल, स्टूल खिडकीपासून लांब सरकवा. ग्रिल नसेल तर मूल एकटं राहायच्या आधी लावून घ्या, पण आणीबाणीला आतून उघडता येईल असा एक भाग त्यात ठेवायला सांगा.

आग किंवा धूर दिसला तर मुलं लपतात, पलंगाखाली, मोरीत. म्हणून "लपायचं नाही, बाहेर पडायचं" हे पुन्हापुन्हा सांगा. लिफ्ट नाही, जिना. धूर असेल तर रांगत, कारण खाली हवा बरी असते. जिनाच धुराने भरला असेल तर दार लावून घ्यायचं, फटीत ओली चादर कोंबायची, खिडकीशी जाऊन ओरडायचं आणि १०१ ला फोन. उंच इमारतीत आसऱ्यासाठी मोकळा ठेवलेला रेफ्युजचा मजला असतो, तो कुठे आहे हे एकदा मुलाला सोबत घेऊन बघून या.

खायचं काय

सुरुवातीची दोन वर्षं आच नाहीच. पोळी-भाजी डब्यात, वरणभात थर्मासमध्ये. चारच्या भुकेला दहीपोहे, केळं, लाडू, चिवडा, दाण्याची चटणी लावलेली पोळी. दहीपोहे मुलाला स्वतः करायला शिकवा: पातळ पोहे, दही, मीठ, साखर, वर डाळिंबाचे दाणे. पहिला पदार्थ स्वतः केल्याचं समाधान मुलाला फार असतं. सातवीनंतर मायक्रोवेव्ह, स्टीलची वाटी आत न ठेवता आणि अख्खं अंडं कधीच न ठेवता. गॅस आठवीत, आणि तोही आधी सहा महिने आपल्यासमोर. डब्यातलं खाल्लं नाही म्हणून ओरडू नका. का खाल्लं नाही ते विचारा. एकट्याने जेवायला मुलांना कंटाळा येतो.

लागलं, भाजलं, ताप आला

लहान कापलं तर धुवून, स्वच्छ फडक्याने दाबून धरायचं. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. नळ कोरडा असेल तर बादलीतलं पाणी तांब्याने ओतत राहायचं, म्हणून एक बादली नेहमी भरलेली ठेवा. घोळणा फुटला तर मान वर करायची नाही, पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. औषध स्वतःच्या मनाने कुठलंच घ्यायचं नाही. बाकी सगळ्याला एकच उत्तर: काकूंचं दार.

फोन आणि दाराच्या मागचा कागद

साधा बटणाचा फोन पुरतो. स्मार्टफोन दिला तर दुपार त्यातच जाते, आणि ओटीपी विचारणारे फोन मुलांनाही येतात. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, आईचं नाव घेऊन विचारलं तरी. फोन बंद पडतो, हरवतो, म्हणून नंबर पाठ हवेतच. शिवाय मोठ्या अक्षरात एक कागद दाराच्या मागे. त्यावर आई, बाबा, काकू, दुसरे शेजारी; मग ११२ आणीबाणीला, १०१ आग, १०८ ॲम्ब्युलन्स, १०९८ मुलांसाठी, १९१६ महापालिकेचा आपत्कालीन कक्ष. सगळ्यांत वर घरचा पत्ता: इमारत, विंग, मजला, खोली, आणि रिक्षावाल्याला सांगतो तशी जवळची खूण. घाबरलेल्या मुलाला स्वतःचा पत्ता आठवत नाही, समोर लिहिलेला वाचता येतो. पत्ता दाराच्या आतल्या बाजूलाच लावा, बाहेरून दिसेल असा नको.

घरी पोचल्यावर फोन करायचा, मिस्ड कॉल नाही. मिस्ड कॉल कुणाच्याही हातून होतो, आवाज मुलाचाच असतो. मी रोज तेच तीन प्रश्न विचारायचे: दार लागलं? चावी कुठे आहे? हात-पाय धुतलेस? आणि आमचं एक ठरलेलं वाक्य होतं. त्याने "आई, माझी निळी वही सापडत नाहीये" म्हटलं की समजायचं, काहीतरी गडबड आहे आणि त्याला मोकळं बोलता येत नाही. पाच वर्षांत ते एकदाच वापरलं गेलं. दोन मोठी मुलं घरात घुसून बसली होती आणि जात नव्हती. मी काकूंना फोन केला, काकू वाटी घेऊन साखर मागायला गेल्या, आणि मुलं उठली.

पावसाचा दिवस

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पाऊसही. म्हणूनच पहिल्यांदा चावी देण्यासाठी मला दिवाळीनंतरचे दिवस बरे वाटतात. कोरडे दिवस, गाड्या बऱ्यापैकी वेळेवर, आणि पाऊस येईपर्यंत सात महिन्यांचा सराव होतो. जूनमध्येच करणं भाग असेल तर एप्रिलच्या परीक्षेनंतर, मुलं गावाला जायच्या आधी, सराव सुरू करा.

पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका आधीच देते. ती कॅलेंडरवर लाल पेनाने उतरवा. भरतीच्या वेळेला जोराचा पाऊस जुळला की पाणी तुंबतं, हे मुंबईकरांना सांगायला नको. त्या दिवशी मुलाने शाळेतून घरी न जाता थेट काकूंकडे जायचं. आणखी एक ठरवून ठेवा: सात वाजेपर्यंत आईबाबांपैकी कुणी आलं नाही आणि फोनही लागत नाही, तर काय? आमचं असं होतं: वाट बघायची नाही, रडायचं नाही, पाण्याची बाटली, बॅटरी, पांघरूण घेऊन काकूंकडे जायचं, दाराला चिठ्ठी लावायची नाही, आणि रात्र तिथेच काढायची. आई चालत निघाली असेल, आई ऑफिसात असेल, आई ठीक असेल. हे शेवटचं वाक्य मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, कारण त्या दिवशी मी ते सांगू शकले नसते.

एका ऑगस्टमध्ये त्याच्या शाळेने दुपारी पाऊस वाढल्यावर न कळवता मुलं लवकर सोडली. मी कुर्ल्याला गाडीत अडकलेली, फोनला रेंज नाही. रात्री पावणेदहाला घरी पोचले तेव्हा लेक काकूंच्या बाहेरच्या खोलीत झोपला होता, उशाशी बॅटरी, आणि दप्तराची नाडी मनगटाला गुंडाळलेली. त्यानंतर आम्ही चार पालक शाळेत जाऊन बसलो आणि लवकर सोडायच्या दिवशी आधी प्रत्येक घरी निरोप जाईल हे लिहून घेतलं. तुम्हीही वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा.

सराव

वर लिहिलेलं सगळं मुलाला एका बैठकीत सांगितलं तर त्यातलं काही उरत नाही. एका वेळी एकच गोष्ट घ्या, आधी आपण करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग बाजूला उभे राहा. पहिल्या शनिवारी मी काकूंकडे जाऊन बसले, वीस मिनिटं. पुढच्या वेळी भाजी आणायला, पाऊण तास. मग स्टेशनपर्यंत. मग दीड तास. अधेमधे नाटकं केली: नवरा बाहेरून पार्सलवाला झाला, काकूंनी "आईने बोलावलंय" म्हणून बघितलं, मी फोन उचलला नाही. चुकला की हसून पुन्हा. महिनाभरात दार वाजल्यावर तो धावत न जाता आधी स्टुलाकडे जायला लागला. ते दिसलं तेव्हा मी चावी करायला टाकली.

पहिल्या पूर्ण आठवड्यात जमलं तर दोघांपैकी एकाने रजा घ्या आणि इमारतीतच कुठेतरी थांबा. आणि दर जूनला नियमांची उजळणी करा. वाढत्या मुलाला काही नियम नकोसे होतात, ते सैल करा. आमच्या लेकाने सातवीत मित्रांना घरी आणायची परवानगी मागितली. आम्ही दोन नावं ठरवली, आणि त्यांच्या आयांना मी स्वतः फोन केला.

तिन्हीसांजेचं

मुलं दुपारी घाबरत नाहीत. घाबरतात दिवेलागणीला. डिसेंबरमध्ये सहालाच अंधारून येतं आणि आपली गाडी अजून घाटकोपरला असते. लेकाने एकदा सांगितलं की तो त्या वेळी टीव्ही लावतो, बघायला नाही, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. मग आम्ही पाचलाच सगळ्या खोल्यांतले दिवे लावायचे ठरवलं, वीजबिलाचा विचार न करता, आणि सव्वासहाला मी गाडीतून रोज पाच मिनिटं फोन करू लागले. डब्यात गर्दी असली तरी. काय झालं शाळेत, कुणाशी भांडलास, एवढंच. मूल वारंवार फोन करत असेल, पोटदुखीच्या तक्रारी वाढल्या असतील, रात्री झोपेत दचकत असेल, तर काही महिने थांबा आणि पाळणाघर शोधा. पुढच्या वर्षी पुन्हा बघता येतं.

घरी परतताना आपल्याकडे चावी असली तरी ती लावून एकदम आत जाऊ नका. कुलपात चावी फिरण्याचा आवाज आत एकट्या बसलेल्या मुलाला दचकवतो. मी जिना चढतानाच फोन करते, "आले रे, दुसऱ्या मजल्यावर आहे," आणि दारात दोन छोट्या बेल, एक लांब. आता दहावीच्या अभ्यासाला बसलेला असतो, तरी तो उठून आधी स्टुलाच्या जागी येतो, भिंगातून बघतो, आणि मगच दार उघडतो. स्टूल केव्हाच स्वयंपाकघरात गेलं आहे, त्याला त्याची गरज उरली नाही.